निरोप सुटला, पोचला नाही

दत्ता,

मयत इसमाच्या नावाने कागद लिहिणे हा माझ्या व्यवसायाचा नित्याचा भाग आहे. वारस नोंद असो वा दाखल्यातील नावाची दुरुस्ती, पनवेलच्या कचेरीसमोर माझ्या मसुद्याला जो मान आहे तो मी स्वतः सांगावा असे नाही. परंतु प्रत्यक्ष मयतालाच उद्देशून लिहिण्याचा प्रसंग माझ्यावर प्रथमच आला आहे. 'प्रति' या शब्दापुढे काय लिहावे ते कळते. हा कागद कोणत्या खिडकीवर दाखल करावा, ते कळत नाही.

तुझ्या कार्याच्या दिवशी पाड्यावरच्या समाजमंदिरात तुझी सारी माहिती वाचून दाखवण्यात आली. शिक्षण, नोकरी, बंगळूरची वर्षे, गावी परत येणे. त्यात खोटे काही नव्हते, मात्र त्यात तू कुठे सापडेनास. मी मागच्या बाजूला बसलो होतो. छपरावर तूच बसवलेला भोंगा होता, आणि माझे लक्ष वाचणाऱ्याकडे कमी व त्या भोंग्याकडे अधिक जात होते. आता हा कोणाच्या आज्ञेने बोलणार, हा विचार मला त्या शोकसभेत बसू देईना. तू असतास तर म्हणाला असतास, "वकील, मेलेल्याच्या जेवणात पण तुला मुद्दा सुचतोच."

वकील! आपण एका बाकावर शिकलो, नववीनंतर माझे शिक्षण थांबले आणि तुझे थांबेना. तेव्हापासून ही पदवी तू मला दिलीस आणि कचेरीसमोरच्या रस्त्यावर सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात तिचा पुकारा करत राहिलास. "काय वकील, आज कोणाला न्याय दिलास?" मी गंभीरपणे सांगत असे की मी अर्जनवीस आहे, वकिलीला सनद लागते. त्यावर तू एकदा म्हणालास, "सनद नाय म्हणूनच तं तुझ्याकडं गर्दी हाय." चहावाल्याने त्या दिवशी आपल्याकडून पैसे घेतले नाहीत. मी मात्र आठवडाभर तुझ्याशी तुटक बोललो. तुला ते कळलेही नसावे, कारण तू नेहमीप्रमाणे येऊन माझ्याच टेबलावर लॅपटॉप उघडून बसत होतास आणि माझ्या अशिलांना वाटे की कचेरीने नवीन माणूस नेमला.

पाड्याचे दुखणे तुला आणि मला जन्मापासून ठाऊक. गव्हाणच्या पुढे खाडीला लागून आपली घरे; मध्ये मातीचा बांध आणि बांधात उघाडी. भरतीचे पाणी उघाडीच्या झडपेवर बाहेरून रेलते, झडप मिटते. ओहोटी लागली की आतले पाणी तीच झडप ढकलून खाडीत उतरते. आपल्या वाडवडिलांनी एवढ्या साध्या युक्तीवर मिठागरे आणि शेते राखली. आता चहूकडे भराव झाले, आतले पाणी पसरायला जागा उरली नाही. झडप मिटलेली असताना वर मोठा पाऊस झाला की पाणी बाहेरून चालून येत नाही. ते आतूनच, आवाज न करता, जमिनीला जागा नसल्यासारखे वर येते. खालच्या आळीत तर चुलीपाशी ओल दिसते तेव्हाच कळते. खालच्या आळीतले अगदी शेवटचे घर तुझ्या आईचे.

म्हणून तू ते यंत्र बसवलेस. उघाडीपाशी पाणी मोजणारा डोळा, बंधारा समितीच्या खोलीत एक संगणक, आणि तिथून घराघरातल्या छोट्या डब्यांना निरोप. डब्याला लाल दिवा, बारीक पडदा आणि घंटा. समाजमंदिरावर मोठा भोंगा, त्यालाही तसाच निरोप. पाणी खुणेवर आले की सर्वांनी उठून शाळेच्या उंचवट्यावर जायचे. काकीने, म्हणजे तुझ्या आईने, डबा देवघराशेजारी ठेवला आणि आल्यागेल्याला सांगू लागली, "माज्या दत्तूचा हाय. त्यो बोलंल तवा मी उठनार."

त्या डब्याच्या पोटात काय चालते ते मला समजावे असा तुझा हट्ट होता. आज वाटते, पाड्यात दुसऱ्या कोणालाही तू ते सांगितले नाहीस, म्हणजे मी तुझी दुसरी प्रत होतो. तेव्हा मला वाटत होते की तू माझ्या अल्पशिक्षणाची मजा पाहतो आहेस.

मी तुला माझी पद्धत सांगितली होती. खिडकीवर कागद दिला की पोच घेतल्यावाचून मी हलत नाही. कारकून जेवायला गेला, मी उभा. कारकून म्हणाला शिक्का सापडत नाही, तरी मी उभा. माझी कीर्ती त्या उभे राहण्यावर आहे.

"आणि तुझ्या मागच्या रांगेचं काय?" तू विचारलेस.

"ती थांबते."

"भरती थांबंल?"

तुझ्या यंत्राला उभे राहण्याची परवानगी का नाही, हे मला त्या दोन शब्दांत कळले. प्रत्येक घराकडे जाणारी लाइन म्हणजे एक दार. संगणक त्या दाराला एक क्रमांक देतो, त्याला तू फाइल डिस्क्रिप्टर म्हणत असस. दार उघडतानाच तू त्यावर शेरा मारून ठेवायचास: नॉन-ब्लॉकिंग. म्हणजे या दारी निरोप्याने ताटकळायचे नाही. एका घराची लाइन मंद आहे म्हणून बाकीच्या घरांनी बुडायचे नाही.

"पण मग दाराने कागद घेतला की नाही, हे कसे कळणार?" मी विचारले. तुझा चेहरा उजळला. पुढे अनेकदा तू मला सांगितलेस की नोकरीतल्या कित्येक हुशार मंडळींना हा प्रश्न सुचत नाही. मी त्याचा अभिमान अजून बाळगून आहे. त्यांचे दुर्दैव एवढेच की त्यांनी आयुष्यात खिडकीवर अर्ज दिलेला नाही.

तू सांगितलेस ते असे. निरोप्या दारावर लिहितो आणि दार लगेच उत्तर देते. कधी म्हणते, सगळे घेतले. कधी म्हणते, एवढेच घेतले. म्हणजे अर्जाचे पहिले पान आत गेले आणि दुसरे तुमच्याच हातात राहिले. कधी म्हणते, आत्ता आत जागा नाही, पुन्हा ये. या उत्तराला तू ईअगेन म्हणायचास आणि त्याच्याविषयी फार प्रेमाने बोलायचास. "हे चुकीच्या कपड्यात येतंय, वकील, पन ही चूक नाय. नुस्ती भरती लागलीय. झडप मिटली म्हणून कोन उघाडी फोडतंय का?" अशा वेळी उरलेला निरोप आपल्या पिशवीत ठेवायचा, दारावर सांगून ठेवायचे की जागा झाली की हाक मार, आणि पुढच्या घरी जायचे. दारावर धडका मारत बसायचे नाही. निरोप फेकून तर मुळीच द्यायचा नाही.

चौथे उत्तर दार तुटल्याचे. त्याचा अनुभव आपल्याला पाड्यातल्या काशिनाथने दिला. त्याने मोबाइल चार्ज करायला डब्याची पिन काढली, आणि अख्ख्या पाड्याचे यंत्र गप्प झाले. तुटलेल्या दारावर लिहायला गेलेला प्रोग्राम तिथेच मरतो, अशी त्या यंत्रांची मूळ रीत आहे म्हणे. तू कपाळाला हात लावलास. "एकानं दार लावलं म्हनून निरोप्यानं जीव द्यायचा? हा काय प्रेमभंग हाय?" एका ओळीत तू ते बंद केलेस. काशिनाथ त्यानंतर महिनाभर लोकांना सांगत होता की दत्ताचे यंत्र त्याच्या एका बोटाने बंद पडते.

त्याआधीच्या पहिल्या चाचणीची आठवण मला आता हसू देत नाही. घराघरांतल्या पडद्यावर अक्षरे उमटली, 'खाडीचे पाणी बांधाच्या', आणि पुढे काही नाही. माणसे डब्यासमोर बसून राहिली. समितीचे अध्यक्ष नामदेवदादा ओरडले, "बांधाच्या काय? बांधाच्या लग्नाला आलं का?" सारे हसले. तूही हसलास. परंतु मी तुझ्याकडे पाहत होतो. तू हसता हसता गप्प झालास आणि मला बाजूला नेऊन म्हणालास, "जना, बघितलंस? कोन उठला नाय. अर्धा निरोप आला तं मानूस उरलेल्या अर्ध्याची वाट बघतो. काहीच आलं नसतं तं बाहेर येऊन पानी तरी बघितलं असतं."

त्या वाक्याची भीती मला तेव्हा तुझ्याएवढी वाटली नाही. आता रोज वाटते.

आपला वाद कोठे राहिला ते तुला स्मरत असेल. मी विचारले होते, पिशवी भरली तर? सगळीच दारे 'पुन्हा ये' म्हणू लागली आणि पाणी तर क्षणोक्षणी नवे निरोप पाठवते आहे, मग निरोप्या किती ओझे वाहणार? तू म्हणालास, मग काहीतरी टाकावेच लागेल. मी म्हणालो, ज्याची आवक आधी त्याचा हक्क आधी. नवीन निरोप टाका. तू म्हणालास, पाण्याच्या बाबतीत नवा निरोप खरा आणि जुना मेलेला; जुना टाकावा. मी आवाज चढवला. ज्येष्ठतेचे तत्त्व मोडले तर कोणतेच कार्यालय चालणार नाही, असे मी म्हणालो. तूही चढलास. "तुझ्या कार्यालयात कोन बुडत नाय म्हनून तुला परवडतंय!" मी कागद आवरून उठलो. तू पाठीमागून हाक मारलीस, "अरे ए वकील, चहा तं पी." मी मागे वळलो नाही. दुसऱ्या दिवशी तू करंजाला भावोजींकडे गेलास, आणि तिकडून तुझी बातमीच आली.

शेवटी तू कोणता निरोप टाकायचे ठरवलेस, हे मला ठाऊक नाही. माझेच बरोबर होते असे आजही मला पुष्कळदा वाटते. पण ते ऐकवायला समोर कोणी नाही आणि त्यामुळे माझा मुद्दा दिवसेंदिवस अशक्त होत चालला आहे.

आता जे घडले ते क्रमाने निवेदन करतो.

तुझ्या पश्चात समितीने यंत्राच्या देखभालीसाठी कामोठ्याच्या एका तंत्रज्ञ बाईंना आणले. मेघना मॅडम. शांत, कामसू, मला आदराने काका म्हणणाऱ्या. त्यांच्याविषयी माझ्या मनात किल्मिष नाही. समितीच्या खोलीत त्यांनी मला पडदा दाखवला. पूर्वी तिथे पावसाळ्यात लाल ओळींची रांग असे, 'पुन्हा ये, पुन्हा ये' अशी. आता सगळे हिरवे होते.

"काका, सरांच्या प्रोग्राममध्ये खूप एरर येत होत्या," त्या म्हणाल्या. "त्या लिहून लिहून डिस्क भरली आणि एक दिवस सगळंच अडकलं. म्हणून मी ते काढून टाकलं."

"काढले म्हणजे दुरुस्त केले?"

"म्हणजे एखाद्या लाइनने घेतलं नाही तर प्रोग्राम तिथे अडकत नाही. पुढे जातो."

"आणि तो न घेतलेला निरोप?"

"लगेच पुढचा जातोच ना, काका. टेस्टमध्ये एकही मिस झाला नाही."

दत्ता, तुझी पिशवी त्यांनी काढून टाकली होती. दार नाही म्हणाले तरी निरोप्या वहीत 'दिला' असे लिहून पुढच्या घरी जात होता. आणि चाचणीत चूक कशी दिसावी? चाचणी उन्हात होते, लाइनी मोकळ्या असतात, प्रत्येक दार पहिल्या हाकेला कागद घेते. दारे तुंबतात ती फक्त त्या एका दिवशी, जेव्हा अर्ध्या पाड्याची वीज गेलेली असते, पाणी भराभर नवे निरोप पाठवत असते आणि सगळ्यांना एकदमच जागे करायचे असते. ज्या दिवसासाठी यंत्र बांधले, त्या एकाच दिवशी ते गप्प राहणार होते. आणि त्या दिवसापर्यंत त्याच्याइतके नीटनेटके यंत्र तालुक्यात दुसरे नसणार होते.

मी समितीस सविस्तर अर्ज दिला. माझ्या हातून उतरलेल्या उत्तम मसुद्यांत त्याची गणना व्हावी. नामदेवदादांनी तो मोठ्याने वाचून दाखवला आणि विचारले, "वकील, ही नोटीस मॅडमला हाय का पान्याला?"

"दादा, निरोप गेला असे यंत्र म्हणते. तो पोचला असे कोणी म्हणत नाही. हा भेद आहे."

"अरं बाबा, दत्ता असताना सगळं लाल होतं तवा तू बोलला नाय. आता हिरवं झालं तं तुला बघवत नाय?"

खोलीत हशा झाला. मी सांगू पाहत होतो की ते लाल म्हणजेच काम चालू असल्याची खूण होती, तो निरोप्या 'मी परत जाणार आहे' असे प्रत्येक वेळी लिहून ठेवत होता. परंतु हिरव्या रंगाविरुद्ध अर्ज कसा करावा, याचा नमुना माझ्यापाशी नव्हता.

मग भाद्रपदातली अमावस्या आली. दुपारी उधाणाची भरती आणि सकाळपासून पाऊस. मी कचेरीसमोर ताडपत्रीखाली बसलो होतो. मन लागेना. समितीच्या खोलीवर फोन लावला. तिथल्या माणसाने निश्चिंतपणे सांगितले, "धोक्याचा निरोप सुटलाय. सगळ्या घरांना गेलाय. पडद्यावर हिरवंय."

"भोंगा ऐकू येतो आहे का?"

"इथं पाऊस लय हाय. नीट ऐकू येत नाय."

मी टेबल तसेच टाकून रिक्षा केली. रिक्षावाल्याने मला वेशीवरच सोडले. पुढे जायला तो तयार होईना. शाळेच्या उंचवट्यावर वरच्या आळीतली काही माणसे होती, ज्यांनी डोळ्यांनी पाणी पाहिले ती. खालच्या आळीतली कोणी दिसेनात. भोंगा गप्प होता. दत्ता, मी त्या भोंग्याच्या खालून चालत गेलो. पाऊस त्याच्या तोंडावरून ओघळत होता आणि तो एखाद्या न्यायाधीशासारखा माझ्याकडे पाहत होता.

काकी पाटावर बसली होती. पाय वर घेतलेले. जमिनीवर पाणी चढले होते आणि चुलीतली राख त्यावर फिरत होती. डब्यावर लाल दिवा नव्हता.

"काकी, ऊठ. शाळेवर चल."

"का रं जना? भिजलास किती!"

"पाणी आले आहे, काकी. बघ ना."

"बघतंय की. पानी काय आज बघते?" ती डब्याकडे हात करून म्हणाली, "दत्तू बोलला नाय अजून. खरं पानी असतं तं बोलला असता. त्यानं मला सांगितलंय, आये, उगाच पावसात धावू नको, पाय मोडंल. मी सांगीन तवा ऊठ."

मी तिला दोन-तीन प्रकारे समजावले. ती मला धीर देऊ लागली. "तुला भ्या वाटतंय तं तू जा, बाला. माजी काळजी करू नको." तिच्या स्वरात इतका विसावा होता की मला थंडी भरली. पाणी पाटाच्या कडेला लागत होते आणि ती तुझ्या भरवशावर बसली होती.

जन्मभर मी दुसऱ्यांच्या वतीने 'मी' असे लिहीत आलो आहे. मी खाली सही करणार, मी सत्यप्रतिज्ञेवर कथन करतो की. ते सारे 'मी' जिवंत होते आणि माझ्यासमोर बसून मान डोलावत होते. त्या दिवशी प्रथमच मी न विचारता एकाच्या वतीने बोललो.

"काकी, निरोप आला आहे. दत्ताचाच. तुझ्या डब्याची लाइन गेली म्हणून माझ्याकडे आला. मी तोच घेऊन आलो."

तिने माझ्याकडे पाहिले. "काय बोलला?"

मला त्या चाचणीतला अर्धा निरोप आठवला आणि मी ठरवले की जे सांगायचे ते पूर्ण सांगायचे. मी म्हणालो, "आये, आता ऊठ. जनासोबत शाळेवर जा. काही घेत बसू नको."

ती तत्काळ उठली. देवासमोर हात जोडले, पदर खोचला आणि माझा दंड धरून पाण्यात उतरली. वाटेत एकच म्हणाली, "आवाज कसा हाय रं त्याचा?" मी पावसाचे निमित्त करून उत्तर दिले नाही. बाकीच्या घरांच्या दारांवर मी काठीने बडवत गेलो. सर्व माणसे वाचली. जनावरे सगळी वाचली नाहीत. काकीच्या घराची मागची भिंत बसली.

यावर तू म्हणशील, बरे केलेस. थांब. पुढे ऐक.

काकी आता पनवेलला माझ्याकडे राहते. तिने आल्यागेल्याला, बाजारात, समाचाराला येणाऱ्या प्रत्येकाला सांगितले की दत्तूने वकिलाकडे निरोप धाडला आणि मला उठवले. समितीची बैठक भरली. मी उभा राहून तक्रार वाचायला लागलो, तोच नामदेवदादा शांतपणे म्हणाले, "जनार्दन, खुद्द दत्ताच्या आईला निरोप मिळाला. ती स्वतः बोलतेय. तुझ्याच हाती मिळाला. मंग बिघाड कसला?" तसा ठराव लिहिला गेला: यंत्राने आपले काम चोख बजावले. सर्वानुमते. मेघना मॅडमनी मला वाकून नमस्कार केला.

मी केलेले तेच होते, दत्ता. निरोप पोचला नव्हता आणि मी पोचल्याचा शेरा मारला. यंत्राने पडद्यावर जे केले ते मी तुझ्या आईच्या कानात केले. तिचा जीव वाचला. आणि त्याच शेऱ्याने खालच्या आळीची तक्रार निकालात निघाली. येत्या पौर्णिमेचे उधाण अमावस्येच्याहून मोठे आहे, असे करंजाची माणसे सांगतात.

काल सकाळी मी काकीसमोर बसलो. ती तांदूळ निवडत होती. मी म्हणालो, "काकी, त्या दिवशी दत्ताचा निरोप आला नव्हता. ते शब्द माझे होते."

सुपातला हात थांबला. ती माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "तुझे?"

"माझे."

"त्यो काईच बोलला नाय?"

"यंत्राला बोलता आले नाही, काकी. दाराने घेतले नाही. दत्ताने अशा वेळी परत जायची सोय करून ठेवली होती, ती आता काढली आहे. तू समितीसमोर सांगितलेस तरच ती परत बसेल. तू निरोप मिळाला म्हणतेस तोवर माझा कागद कोणी वाचणार नाही."

ती मला रागे भरेल असे वाटले होते. तिने सूप बाजूला ठेवले. "म्हंजे मी सांगायचं, का माजा पोर बोलला नाय."

"होय."

"चारचौघांत?"

"होय, काकी."

दत्ता, तू गेलास तेव्हा ती मोठ्याने रडली होती. काल रडली नाही. तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी हळूहळू उतरत गेले, आणि ते पाहण्यापेक्षा मी तिला त्या पाण्यात पाठीवर घेऊन धावणे शंभरदा पत्करीन. तू गेल्यानंतर तुझे जे एक वाक्य तिला मिळाले होते, ते मी परत मागत होतो.

"लिव्ह," ती म्हणाली. "पन माज्या तोंडानं लिव्ह. तुझ्या नको."

मी लिहिले. माझ्या लेखणीतून इतका आखूड मसुदा आजवर उतरलेला नाही. 'माजा दत्तू मेला. तवापासून त्यो मला काय बोलला नाय. त्या दिवशी बी नाय.' तिने शाईत अंगठा बुडवला, कागदावर टेकवला आणि बराच वेळ उचलला नाही.

आज आम्ही दोघे समितीत गेलो. नामदेवदादांनी कागद वाचला आणि या खेपेस विनोद केला नाही. मेघना मॅडमनी तो दोनदा वाचला. त्या म्हणाल्या की सरांचा जुना भाग शोधून परत बसवावा लागेल, त्याला वेळ लागेल, आणि पिशवी भरल्यावर कोणता निरोप टाकायचा हे सरांनी कुठेच लिहून ठेवलेले दिसत नाही. सगळे माझ्याकडे पाहू लागले. मला एवढेच म्हणता आले की त्या विषयावर आमचे एकमत झाले नव्हते.

परतताना काकीने डब्याविषयी एक शब्द काढला नाही. घरी आल्यावर खिडकीपाशी बसली, बाहेर ढग भरून आले होते, पण तिने कान लावलेला नव्हता. तेवढे एक दार आता कोणाची वाट पाहत नाही. खालच्या आळीतली बाकीची घरे मात्र आज संध्याकाळीही डब्याशेजारीच जेवायला बसली असतील, निर्धास्त. आणि समितीच्या खोलीत पडदा अजून हिरवा आहे.